पीएच ७.४ विरुद्ध ६.८ : ‘स्मार्ट’ जेलमधून औषध खरंच गाठीत सुटतं का?

गंधक (धागाकर्ता)

नेमक्या जागी औषध सोडणाऱ्या पदार्थांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, त्यात ‘हे कण कर्करोगाची पेशी ओळखतात आणि तिथेच औषध सोडतात’ असं सर्रास लिहिलेलं असतं. कण काही ओळखत नाहीत. पॉलिमरच्या साखळीवरचा एखादा गट प्रोटॉन घेतो किंवा सोडतो, एखादा बंध तुटतो, किंवा तापल्यावर साखळी पाणी सोडून आकसते. रसायनशास्त्राच्या बाजूने यापलीकडे काही घडत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की शरीरात त्या गटाला जाणवेल असा फरक असतो तरी किती?

रक्ताचा पीएच ७.४. गाठीतल्या पेशी साखर जाळताना भरपूर लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, आणि तिथला रक्तपुरवठा अपुरा असल्यामुळे ते वाहून जात नाही. त्यामुळे पेशींच्या बाहेरच्या द्रवाचा पीएच साधारण ६.५ ते ६.९ इतका उतरतो. कण पेशीने गिळला तर एंडोसोममध्ये (गिळलेला माल ठेवणारी पेशीतली पिशवी) ५.५ ते ६ आणि लायसोसोममध्ये (तो माल पचवणारी पिशवी) ४.५ ते ५ मिळतो. म्हणजे रक्तातून गाठीत शिरताना कणाच्या वाट्याला फरक येतो तो ०.५ ते ०.९ एककाचा. आणि औषध सुटण्याचा आलेख बहुतेक ठिकाणी काढलेला असतो ७.४ आणि ५.० चा, वर मथळा ‘गाठीच्या आम्लतेला प्रतिसाद देणारं जेल’.

आकडे मांडून बघू. अशा जेलमधला (पाण्यात फुगणारं पॉलिमरचं जाळं) आवडता घटक म्हणजे ॲक्रिलिक आम्ल, पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन धरून असतात) सुमारे ४.५. पीएच ७.४ ला त्याचे ९९.९ टक्के गट आयनरूपात असतात. ६.८ ला? ९९.५ टक्के. काही बदललंच नाही. ५.० ला जाऊन ते ७६ टक्क्यांवर येतं. म्हणजे हे जेल लायसोसोममध्ये काम करेल, गाठीच्या द्रवात ढिम्म बसून राहील.

आता पीकेए ६.३ असलेलं अमाइन घ्या. ७.४ ला फक्त ७ टक्के गट प्रोटॉन धरून असतात, ६.८ ला २४ टक्के, ६.५ ला ३९ आणि ५.५ ला ८६. इथे निदान हालचाल दिसते. (साखळीत शेजारी शेजारी प्रभार आले की पीकेए सरकतो, त्यामुळे हे आकडे दिशादर्शक समजा. खरा आकडा टायट्रेशन करूनच काढावा.)

माझं म्हणणं सरळ आहे. पदार्थ बनवण्याआधी त्याला शरीरात कुठला फरक दिसणार आहे ते कागदावर लिहा आणि चाचणी त्याच फरकावर घ्या. ५.० ला घेतली असेल तर दावा ‘पेशीच्या आत’ एवढाच करा.

कृती, प्रमाणं, फसणाऱ्या जागा, सगळ्यावर सविस्तर लिहा. भर घालणाऱ्यांचं स्वागत आहे.

---

अबोली

उत्तम विषय. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पीनिपाम (तापल्यावर आकसणारं पॉलिमर) आणि ॲक्रिलिक आम्लाचं मायक्रोजेल (जेलचे सूक्ष्म कण) करायचं म्हटलं तर नेमकी कृती काय? शोधनिबंधांत मोलर टक्के दिलेले असतात, काट्यावर किती ठेवायचं ते कळत नाही.

---

गंधक

१०० मि.लि. पाण्याचा हिशोब देतो. एकूण मोनोमर (साखळीचे दुवे होणारे रेणू) १२० मिलिमोलर, म्हणजे १२ मिलिमोल. त्यात ८८ टक्के निपाम (पीनिपामचा मोनोमर), १० टक्के ॲक्रिलिक आम्ल, २ टक्के बिस-ॲक्रिलामाइड (साखळ्या एकमेकींना जोडणारं).

निपाम १.१९५ ग्रॅम, बिस ३७ मि.ग्रॅ., ॲक्रिलिक आम्ल ८६ मि.ग्रॅ. (सुमारे ८२ मायक्रोलिटर), एसडीएस (साबणासारखं द्रव्य) २९ मि.ग्रॅ., आणि शेवटी सुरुवात करून द्यायला पोटॅशियम परसल्फेट २७ मि.ग्रॅ.

तीन तोंडांचा गोल फ्लास्क, वर कंडेन्सर, एका तोंडातून नायट्रोजनची नळी थेट द्रवाच्या तळापर्यंत. ९५ मि.लि. पाण्यात निपाम, बिस आणि एसडीएस विरघळवा. तेलाच्या बाथमध्ये ७० °से ला आणा आणि ३०० ते ४०० आरपीएमवर ढवळत तासभर नायट्रोजन सोडा. ॲक्रिलिक आम्ल शेवटच्या दहा मिनिटांत घाला. परसल्फेट ५ मि.लि. पाण्यात विरघळवून, त्यातूनही नायट्रोजन सोडून, एका दमात सोडा. पाच ते दहा मिनिटांत द्रवावर निळसर झाक येते, मग तो पातळ दुधासारखा होतो. नायट्रोजनची नळी आता द्रवाच्या वर घ्या. ७० °से ला ५ तास ठेवा, ढवळतच थंड करा, काचलोकरीतून गाळा.

डायलिसिस १२–१४ किलोडाल्टनच्या पिशवीत (लहान रेणू बाहेर जातात, कण आत राहतात), किमान ७ दिवस, पाणी दिवसातून दोनदा बदलून. शेवटी गोठवून वाळवा.

ही साखळी अभ्यासाला चांगली आहे, शिरेतून द्यायला नाही. मुख्य साखळी कार्बन-कार्बन बंधांची, शरीर ती तोडू शकत नाही. उरलेला मोनोमर विषारी असतो. प्रबंधात हे वाक्य स्पष्ट लिहा.

---

पेट्रीताट

कृती बरोबर. कुठे बिघडते ते लिहितो.

दहा मिनिटांत झाक आली नाही तर जवळजवळ नेहमी ऑक्सिजन हेच कारण असतं. नळी द्रवाच्या वर राहिलेली असते, नाहीतर रबरी बूच सैल असतं. ऑक्सिजन मुक्तमूलकं (साखळी वाढवणारी क्रियाशील टोकं) खाऊन टाकतो. घाईने आणखी परसल्फेट ओतू नका, कणांची दुसरी पिढी सुरू होते आणि आकार दोन गटांत विभागला जातो. पुन्हा अर्धा तास नायट्रोजन सोडा आणि वाट बघा.

बाटलीतल्या ॲक्रिलिक आम्लात ते आपोआप जुळू नये म्हणून अवरोधक घातलेला असतो. कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून मगच वापरा. निपाम हेक्सेनमधून पुन्हा स्फटिक करून घ्या, पिवळसर झाक जायला हवी.

एसडीएस जास्त घातलं की कण लहान होतात, म्हणून लोक हात सैल सोडतात. पण ते नंतर निघता निघत नाही, आणि पेशींवरच्या चाचणीत पेशी मेल्या तर त्या औषधाने मेल्या की साबणाने, हे सांगता येत नाही. औषधाविना रिकामं जेल त्याच प्रमाणात दिलेली चाचणी यासाठीच लागते.

सगळ्यात मोठी फसगत मात्र वेगळी आहे. पीनिपाम ३२ °से च्या आसपास आकसतं, हे पाठ असतं. (हेस्किन्स आणि गिये यांनी १९६८ मध्ये हे संक्रमण मोजून मांडलं.) पण १० टक्के ॲक्रिलिक आम्ल असलेलं जेल पीएच ७.४ ला ३२ ला आकसत नाही. ऋण प्रभार एकमेकांना ढकलतात आणि आकसण्याचं तापमान बरंच वर जातं, कधी ५० °से पर्यंत काहीच दिसत नाही. पीएच ३.५ ला तेच जेल ३२ च्या आसपास छान आकसतं. ‘तापमान आणि पीएच दोन्हींना प्रतिसाद’ असं लिहिताना हे दोन खटके एकमेकांना बांधलेले आहेत हे विसरलं जातं.

आणि साधं पीनिपाम घेतलं तरी शरीर ३७ °से ला असतं, म्हणजे ते टोचल्या क्षणीच आकसलेलं. बाहेरून ऊब देऊन ४१–४२ ला खटका दाबायचा असेल तर संक्रमण ३९–४० पर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी ॲक्रिलामाइड किंवा डायमिथाइलॲक्रिलामाइड यांसारखा पाणीप्रिय घटक मिसळतात. किती मिसळायचा ते ५०० नॅनोमीटरला गढूळपणा मोजून ठरवा, तापमान मिनिटाला अर्ध्या अंशाने चढवत. आणि मोजणी खारट बफरमध्ये (पीएच स्थिर धरणारं द्रावण) करा, कारण मीठ संक्रमणाचं तापमान खाली ओढतं.

---

सोनचाफा

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत माशेलकर, लेले, बडिगेर यांच्या गटाने नव्वदच्या दशकात पीनिपाम जेलवर, त्यातल्या बांधलेल्या पाण्यावर मूलभूत काम केलं होतं. जेल नेमकं का आकसतं हे समजून घ्यायचं असेल त्यांनी ते जरूर वाचावं. पाणी साखळीला कसं धरून असतं हे कळलं की वरचा मिठाचा मुद्दा आपोआप उलगडतो.

---

काजवा

औषध भरण्याबद्दल लिहितो. उदाहरण डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध, कारण रंग नारिंगी, मोजायला सोपं.

१० मि.ग्रॅ. मायक्रोजेल ९ मि.लि. पाण्यात रात्रभर फुगवा, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ च्या जवळ आणा. वरच्या कृतीप्रमाणे केलेल्या १० मि.ग्रॅ. जेलमध्ये कार्बोक्झिल गट सुमारे ९ मायक्रोमोल असतात. त्यात २ मि.ग्रॅ./मि.लि. डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइडचा १ मि.लि. थेंब थेंब घाला. हे साडेतीन मायक्रोमोलच्या आसपास होतं, म्हणजे जागा पुरून उरतात. २५ °से ला अंधारात २४ तास ढवळा. न बांधलेलं औषध सेफाडेक्स जी-२५ च्या (आकारानुसार रेणू वेगळे करणारे जेलचे मणी) छोट्या स्तंभातून वेगळं करा.

समजा १.८ मि.ग्रॅ. आत राहिलं. मग भरणाची कार्यक्षमता ९० टक्के, पण भार १.८ भागिले ११.८, म्हणजे १५ टक्के. हे दोन आकडे वेगळे आहेत. कार्यक्षमता छान दिसते म्हणून तीच छापतात, पण रुग्णाला औषधाबरोबर किती पॉलिमर जाणार हे भारावरून कळतं.

आता खरा घोळ. हे भरण शुद्ध पाण्यात झालेलं असतं. औषधाचा धन प्रभार आणि जेलचा ऋण प्रभार यांचीच ती पकड. असं जेल १५० मिलिमोलर मीठ असलेल्या बफरमध्ये टाकलं की सोडियम आयन मध्ये घुसतात, पकड सैल होते आणि पहिल्या तासात बरंच औषध बाहेर. पीएच ७.४ लाच! पहिला नमुना सहा तासांनी घेतला तर हे दिसतही नाही. ५, १५, ३०, ६० मिनिटांचे नमुने घ्याच.

यामुळेच दोन बफरांची क्षारता (म्हणजे मिठाचं एकूण प्रमाण) सारखी हवी. ७.४ ला फॉस्फेट-सलाईन आणि ५.० ला नुसतं १० मिलिमोलर ॲसिटेट अशी तुलना केली, तर मोजलेला फरक पीएचचा की मिठाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. दोन्हींत मीठ घालून १५० मिलिमोलर करा. फॉस्फेटने ५.० धरायचा प्रयत्न करू नका, तिथे त्याची धारणक्षमता नसते.

---

निळाई

काजवा, मिठाचा मुद्दा अगदी नेमका. औषध सुटण्याच्या चाचणीतली दुसरी बाजू पिशवीची.

नेहमीची मांडणी अशी: १२–१४ किलोडाल्टनची डायलिसिस पिशवी, आत २ मि.लि. नमुना, बाहेर ५० मि.लि. बफर, ३७ °से, १०० आरपीएमवर हलवत. ठरावीक वेळी बाहेरचा १ मि.लि. काढायचा, तेवढाच ताजा बफर घालायचा, ४८० नॅनोमीटरला शोषण मोजायचं. १ सें.मी.च्या क्युवेटमध्ये १० मायक्रोग्रॅम/मि.लि.ला ते ०.२ च्या आसपास येतं. फार वेगळं आलं तर आधी क्युवेट आणि मापनरेषा तपासा.

यात आपण मोजतो काय? औषध जेलमधून पिशवीत आलं आणि पिशवीतून बाहेर आलं, या दोन टप्प्यांची बेरीज. पिशवीची भिंत हाच सावकाश टप्पा असेल तर जेलबद्दल काहीच कळत नाही. म्हणून तेवढंच मोकळं औषध, जेलशिवाय, त्याच पिशवीत, त्याच आकारमानात, त्याच तापमानाला लावा. मोकळ्या औषधाचं निम्मं बाहेर यायला तीन तास लागले आणि जेलचं निम्मं साडेतीन तासांत आलं, तर ‘दीर्घकाळ नियंत्रित मोचन’ पिशवीने केलं, जेलने नाही. हा आलेख नसेल तर निकाल वाचण्यात अर्थ नाही, इतकं हे महत्त्वाचं आहे.

तापमानाच्या चाचणीतही हेच. ३७ ऐवजी ४२ ला मोकळं औषधसुद्धा भिंतीतून जास्त भराभर जातं. ४२ चं मोकळं औषध वेगळं लावा.

काढलेल्या नमुन्यांची दुरुस्ती विसरू नका. आतापर्यंत सुटलेलं औषध म्हणजे सध्याची संहती गुणिले ५०, अधिक आधी काढलेल्या सगळ्या नमुन्यांतलं औषध. बारा नमुने घेतले आणि हे जोडलं नाही, तर शेवटचा बिंदू २० टक्क्यांपर्यंत खाली पडू शकतो. मग वक्र सपाट झालेला दिसतो आणि ‘उरलेलं औषध जेलमध्ये अडकलं’ असा निष्कर्ष निघतो.

शेवटी हिशोब जुळवा. चाचणी संपल्यावर पिशवी उघडून आतलं औषध मोजा. आत, बाहेर आणि काढलेलं मिळून ९० टक्केही भरत नसेल तर औषध कुठेतरी गेलंय: काचेला चिकटलंय, पिशवीला चिकटलंय (पिशवी नारिंगी दिसतेच) किंवा उजेडात विघटित झालंय. डॉक्सोरुबिसिन ३७ °से ला पीएच ७.४ मध्ये दिवसेंदिवस टिकत नाही. सात दिवसांचे आलेख म्हणून जपून वाचावेत. फॉइल गुंडाळणं हे तर हवंच.

---

अबोली

हे फारच उपयोगी. मग ६.५–६.८ ला खरंच चालेल असा घटक कोणता घ्यायचा?

---

गंधक

दोन वाटा आहेत.

पहिली, पीकेए त्या टापूत असलेला गट. हिस्टिडिनचं इमिडाझोल ६.५ च्या आसपास. काही सल्फोनामाइडही त्या टापूत बसतात. संशोधक बे यांच्या गटाने पॉलिहिस्टिडिन आणि सल्फोनामाइड दोन्हींवर बरंच काम केलंय. सगळ्यात हुकमी म्हणजे डायआयसोप्रोपिलअमिनोइथाइल मेथाक्रिलेट, त्याच्या पॉलिमरचा पीकेए ६.२–६.३. पेगला (पाणीप्रिय पॉलिमर) जोडलेली अशी साखळी ७.४ ला पाणी टाळते आणि मायसेल (पाणी टाळणारे भाग आत घेतलेला गोळा) बांधते. पीएच उतरला की अमाइन प्रोटॉन घेतं, साखळी पाण्यात मिसळते, मायसेल विस्कटतं. गंमत अशी की हे हळूहळू होत नाही. मायसेलची घडी मोडणं हा एकत्रित बदल असतो. टेक्सासमधल्या गाओ यांच्या गटाने पाव पीएच एककाच्या आत पूर्ण उलटणारी मायसेल दाखवली. वर मी काढलेले ७, २४, ३९ टक्के हे एकट्या गटाचे. साखळ्या एकजुटीने वागल्या की उतार कडा होतो. अर्ध्या एककाच्या फरकावर काम करायचं तर ही एकजूट पाहिजेच.

कृती: १० मि.ग्रॅ. पॉलिमर ०.५ मि.लि. टीएचएफ या द्रावकात, ध्वनिलहरींच्या बाथमध्ये धरलेल्या ५ मि.लि. पाण्यात थेंब थेंब. टीएचएफ १०० किलोडाल्टनच्या गाळणीने चार-पाच वेळा धुऊन काढा. डॉक्सोरुबिसिन भरायचं असेल तर हायड्रोक्लोराइड तसंच वापरून चालत नाही, ते पाण्यातच राहतं. आधी २–३ पट ट्रायइथाइलअमाइन घालून त्याचं प्रभाररहित रूप (फ्री बेस) करून घ्या. पाण्याचा पीएच तपासा: साठवलेलं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ५.५–६ ला उतरलेलं असतं, आणि मग मायसेल बनतच नाही! सगळं दुधाळ होण्याऐवजी नितळ राहिलं तर आधी हेच बघा.

दुसरी वाट तुटणाऱ्या बंधाची. डॉक्सोरुबिसिनच्या कीटोनवर हायड्राझोन बंध करता येतो, तो ७.४ ला बराच टिकतो, ५ ला तुटतो. म्हणजे पुन्हा लायसोसोमसाठी. डायसल्फाइड बंधाला पीएच लागतच नाही, ग्लुटाथिओन (पेशीतलं क्षपणक) लागतं: पेशीच्या आत २ ते १० मिलिमोलर, रक्तद्रवात काही मायक्रोमोलर. हजारपट फरक! पीएचच्या अर्ध्या एककापुढे ही चैन आहे. चाचणीत १० मिलिमोलर आणि १० मायक्रोमोलर अशी दोन्ही टोकं लावा. ग्लुटाथिओनचं ताजं द्रावण आम्लधर्मी असतं, घातल्यावर पीएच पुन्हा ७.४ ला आणायचं लक्षात ठेवा.

---

सप्तपर्णी

औषधनिर्माणाच्या बाजूने भर. वरची सगळी चर्चा कण गाठीत पोहोचला असं धरून चालली आहे. मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवलं की गाठीतल्या गळक्या रक्तवाहिन्यांतून मोठे रेणू बाहेर पडून तिथेच साचतात. त्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. २०१६ मध्ये टोरोंटोच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे निकाल एकत्र केले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचण्याचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) निघाला ०.७ टक्के. बाकीचे बहुतांश यकृत आणि प्लीहेत. त्यामुळे ७.४ ला जे गळतं, ते निरोगी अवयवांवर गळतं. रिलीजच्या आलेखातली खालची (७.४ ची) रेष वरच्या रेषेइतकीच महत्त्वाची आहे, हे माझं ठाम मत.

बाजारात टिकलेलं उदाहरण म्हणजे डॉक्सिल, १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता. पेग लावलेल्या लायपोसोममध्ये (लिपिडच्या पडद्याची पोकळ गोळी) डॉक्सोरुबिसिन. त्यात पीएच किंवा तापमानाचा कुठलाही खटका नाही! त्याचं बळ औषध घट्ट धरून ठेवण्यात आहे. त्याने हृदयावरचा त्रास कमी होतो, तळहात-तळपायांच्या त्वचेचा मात्र वाढतो. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याचा तुटवडा झाला तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करू दिलं आणि २०१३ मध्ये त्याच कंपनीच्या जेनेरिकला मान्यता दिली.

तापमानाच्या खटक्याचं मोठं उदाहरण थर्मोडॉक्स, म्हणजे तापल्यावर डॉक्सोरुबिसिन सोडणारं लायपोसोम. ड्यूक विद्यापीठातल्या नीडहॅम यांची कल्पना: डीपीपीसी (एक फॉस्फोलिपिड), लायसोलिपिड (एकाच शेपटीचं लिपिड) आणि पेग-लिपिड ८६:१०:४. ४१ °से च्या आसपास पडदा वितळू लागतो, लायसोलिपिड भेगा धरून ठेवतो आणि औषध काही सेकंदांत बाहेर. प्रयोगशाळेत देखणं. यकृताच्या कर्करोगावर ७०१ रुग्णांची चाचणी झाली, २०१३ मध्ये ती उद्दिष्ट गाठू शकली नाही. ज्यांच्यात गाठ ४५ मिनिटं किंवा जास्त तापवली गेली त्यांच्यात फायदा दिसतो असं मागाहून वाटलं, म्हणून तीच अट घालून ५५६ रुग्णांची दुसरी चाचणी झाली. तीही २०२० मध्ये निष्फळ ठरली.

---

पेट्रीताट

डॉक्सिलचं भरण प्रत्येक रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी हाताने करावं, म्हणून कृती.

एचएसपीसी (सोयाचं फॉस्फोलिपिड), कोलेस्टेरॉल, पेग-डीएसपीई (पेग लावलेलं लिपिड), मोलमध्ये ५६:३८:५. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून रोटावर (निर्वातात द्रावक उडवणारं फिरतं यंत्र) पातळ थर बसवा, रात्रभर निर्वातात ठेवा. २५० मिलिमोलर अमोनियम सल्फेट ६५ °से ला तापवून घाला, लिपिड १६ ते २० मि.ग्रॅ./मि.लि. पॉलिकार्बोनेटच्या पटलातून ४००, २००, १००, मग ८० किंवा ५० नॅनोमीटर, प्रत्येकी दहा फेऱ्या, सगळं ६५ ला. एक्स्ट्रूडरचा (पटलातून द्रव ढकलणारं यंत्र) ठोकळा गार राहिला तर लिपिड घट्टच असतं, पटल बुजतं किंवा फाटतं. हाताला जोर लावावा लागला की थांबा आणि ठोकळा तापवा.

आता बाहेरचं अमोनियम सल्फेट काढून १० टक्के साखर आणि १० मिलिमोलर हिस्टिडिन (पीएच ६.५) आणायचं, सेफाडेक्स जी-५० मधून. ही पायरी अर्धवट झाली तर भरण फसतं, कारण पुढचं सगळं आत-बाहेरच्या फरकावर चालतं: आतला अमोनिया पडद्यातून निसटतो, प्रोटॉन मागे सोडतो. डॉक्सोरुबिसिन प्रभाररहित रूपात आत येतं, प्रोटॉन धरतं आणि सल्फेटबरोबर तंतूंसारखं साक्यात बसतं. गोठवून काढलेल्या इलेक्ट्रॉन चित्रात लायपोसोम चक्क कॉफीच्या बीसारखे लांबट दिसतात, मधोमध तंतूंची रेघ.

औषध आणि लिपिड वजनाने १:८, ६० ते ६५ °से ला तासभर, मग थेट बर्फात. ९० टक्क्यांहून जास्त भरण यायला हवं. ६०–७० टक्क्यांवर अडकलं तर नव्वद टक्के वेळा बाहेरचं सल्फेट उरलेलं असतं. बेरियम क्लोराइडचा थेंब टाकून बाहेरच्या द्रावणात साका येतो का ते आधीच बघावं.

---

खारवी

लायपोसोमचं साहित्य महाग पडतं. सुरुवातीला कायटोसान घ्या. आपल्या किनारपट्टीवर कोळंबीच्या टरफलांचे ढीग निघतात, त्यातल्या कायटिनपासूनच ते होतं. पीकेए ६.५ च्या जवळ, म्हणजे या धाग्याच्या विषयात बसतंच.

१ मि.ग्रॅ./मि.लि. कायटोसान १ टक्का ॲसेटिक आम्लात रात्रभर विरघळवा, ०.४५ मायक्रॉनने गाळा, पीएच ४.७ ते ५. सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट १ मि.ग्रॅ./मि.लि. ७०० आरपीएमवर थेंब थेंब. वजनी प्रमाण कायटोसान ४ ते ५ ला टीपीपी १. निळसर झाक आली की कण झाले. पांढरं झालं, तळाला बसलं की टीपीपी जास्त झालं. डीॲसिटिलेशन (कायटिनवरचे ॲसिटिल गट काढणं) किती आणि रेणुभार किती हे बाटलीगणिक बदलतं, त्यामुळे नवी बाटली उघडली की प्रमाण पुन्हा बसवा.

मर्यादाही सांगतो. हे कण ५ ला स्थिर आणि ७.४ ला गुठळ्या होतात, कारण प्रभार गेला. म्हणजे रक्तासाठी उलटा प्रकार. नाक, तोंडाचं अस्तर, आतडं इथे ते शोभतात.

---

काजवा

एक गोष्ट राहायला नको. डॉक्सोरुबिसिन हे पेशी मारणारं औषध आहे. दुहेरी नायट्राइल हातमोजे, वजन करताना वर्ग २ चं जैवसुरक्षा कपाट, पूड कधीही उघड्या काट्यावर नाही. शक्यतो तयार द्रावणच घ्या. सांडलं तर टिपून घेऊन सोडियम हायपोक्लोराइटने पुसा, नारिंगी रंग जाईपर्यंत. कचरा पिवळ्या डब्यात, त्यावर सायटोटॉक्सिक चिन्ह. महाविद्यालयात ही सोय नसेल तर ऱ्होडामाइनसारखा रंग घेऊन पद्धत बसवा. रंगाचे आकडे औषधाचे म्हणून मात्र देऊ नका, प्रभार आणि विद्राव्यता वेगळी असते.

---

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे नमुने असे लावते: जेल+औषध ७.४, ६.८ आणि ५.० ला, मोकळं औषध तिन्ही पीएचला, रिकामं जेल पेशींसाठी. काही राहिलं का?

---

निळाई

दोन गोष्टी. प्रत्येक नमुना तीन वेगवेगळ्या बॅचचा लावा, एकाच बॅचच्या तीन पिशव्यांचा नाही. पॉलिमरच्या कामात खरा फरक बॅचमध्ये असतो. आणि ७.४ चा एक संच १० टक्के सीरममध्ये ठेवून डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) आकार बघा, शून्य, १, ४, २४ तासांनी. रक्तातली प्रथिनं कणावर बसतात, काही कण फुगतात, काहींच्या गुठळ्या होतात. सीरमचे स्वतःचे कण १० नॅनोमीटरच्या आसपास दिसतात, त्यामुळे नुसत्या सीरमचं मापन आधी घ्या.

पुढे प्राण्यांपर्यंत जायचा विचार असेल तर जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर आणि सीडीएससीओ (केंद्रीय औषध नियामक) यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये काढलेली नॅनोऔषधांची मार्गदर्शक तत्त्वं आत्ताच वाचून ठेवा. एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या भिंतीतलं ताप आणणारं द्रव्य) चाचणीही तेव्हाच आठवू नये. पाणी आणि काचसामान पहिल्या दिवसापासून त्या दृष्टीने वापरा, कारण एंडोटॉक्सिन ऑटोक्लेव्हने जात नाही. काच २५० °से ला अर्धा तास भाजावी लागते.

---

गंधक

अबोली, ६.८ च्या बफरसाठी फॉस्फेट चालेल, तिथे ते उत्तम धरतं. ५.० ला ॲसिटेट. दोन्हींत मीठ घालून क्षारता १५० मिलिमोलर. आणि पीएच मीटरचं अंशांकन ३७ °से ला करा. अर्ध्या एककाचा खेळ आहे, ०.१ ची चूकही इथे परवडत नाही. टायट्रेशनचा आलेख निघाला की इथेच टाका, पीकेए कुठे बसतो ते सगळे मिळून बघू.